साधं ताट, तुरट घोट

जॉर्जियाहून परतलेल्या माणसाला तिथल्या जेवणाबद्दल विचारलं, की तो आधी खाचापुरीचं, म्हणजे चीज भरलेल्या पावाचं, नाव घेतो. त्यातही ती होडीच्या आकाराची, वितळलेल्या चीजमध्ये अंडं फोडलेली. मग खिनकालीचं. दोन्ही पदार्थ कौतुकाचेच, पण दोन्ही काखेतीचे, म्हणजे पूर्वेकडच्या वाइनच्या प्रांताचे, नव्हेत. होडीवाली खाचापुरी काळ्या समुद्राकाठच्या अजारा प्रांतातली, आणि मांसाचा गरम रस पोटात घेऊन येणारी खिनकाली कॉकेशसच्या डोंगरी मुलखातली. राजधानी त्बिलिसीहून एका दिवसाच्या वाइन-सहलीला पूर्वेकडे निघालेल्या गाड्या दुपारी जिथे थांबतात, तिथे मात्र सगळा देश एकाच टेबलावर मांडलेला असतो. पाहुणे खूश होतात. माझी तक्रार एवढीच, की त्या गर्दीत काखेतीचं स्वतःचं ताट हरवतं.

ते ताट दिसायला अगदी साधं. लांबट पाव, मेंढीच्या दुधाचं खारट चीज, काकडी-टोमॅटो, काड्यांच्या निखाऱ्यावर भाजलेलं मांस, बाजूला थोडं लोणचं. मसाला जवळपास नाहीच. आपल्याकडचा खवय्या पहिल्या घासाला म्हणेल, यात काहीतरी राहिलंय. बरोबर आहे. हे जेवण मुद्दामच थोडं अपुरं ठेवलेलं असतं. राहिलेलं काम पेल्यातल्या वाइनने करायचं. म्हणून काखेती समजून घ्यायची तर वाइन वेगळी आणि जेवण वेगळं चाखून चालत नाही.

गोम्बोरीचा घाट ओलांडून तेलावीकडे उतरलं की अलाझानी नदीचं खोरं दिसू लागतं. पलीकडे कॉकेशसची भिंत, अलीकडे द्राक्षबागा. रस्त्याकडेला कुठेतरी धूर दिसतो आणि पावाचा वास येतो. तिथे थांबावं. वाइनच्या आधी पाव बघायचा, कारण वेलीशी पहिली गाठ तिथेच पडते. तोने म्हणजे तंदूरच्याच कुळातली, जमिनीत रोवलेली मातीची खोल भट्टी. तिच्या तळाशी छाटणीनंतर उरलेल्या द्राक्षवेलीच्या काड्या जळत असतात. भट्टीवाला कणकेचा गोळा दोन्ही टोकांना ओढून लांब करतो, कमरेत वाकून जवळजवळ डोक्यापर्यंत आत जातो आणि आतल्या उभ्या भिंतीवर तो थापतो. काही मिनिटांत शोती तयार. निमुळती टोकं करकरीत, पोट मऊ, आणि भिंतीला चिकटलेल्या बाजूवर मातीचे खडबडीत ठसे. तूप, तेल, दूध यांतलं काहीच पिठात नसतं. गरम असताना टोक मोडून नुसतंच खावं. तासाभराने त्याची मजा निम्मी होते. सहलीचं वेळापत्रक आखणारे हा थांबा बहुधा गाळतात किंवा फोटोपुरता ठेवतात. तो जेवणाइतकाच महत्त्वाचा आहे.

आता क्वेव्री. वाइन मुरवायचे हे मातीचे प्रचंड रांजण हाताने घडवतात, चाकावर नव्हे. तेलावीजवळच्या वार्दिसुबानी गावात हा धंदा अजून आहे. मातीच्या जाड वळ्या एकावर एक चढवत भिंत वर न्यायची. एका दिवशी थोडीच चढवायची, कारण खालचा थर वरचा भार पेलण्याइतका सुकला नाही तर सगळं बसतं. मोठी क्वेव्री उभी राहायला आठवड्यांमागून आठवडे जातात. मग ती भाजायची, गरम असतानाच आतून मधमाश्यांचं मेण फिरवायचं, आणि शेवटी गळ्यापर्यंत जमिनीत पुरायची. एवढ्या कष्टाने घडवलेली वस्तू त्यानंतर कुणाच्या नजरेला पडत नाही. मारानीत, म्हणजे वाइनघरात, पाऊल टाकलं की जमिनीवर फक्त गोल झाकणं दिसतात. फ्रान्स-इटलीतली ओळीने मांडलेली ओकची पिंपं पाहिलेल्यांना इथे पाहण्यासारखं काही नाही असं वाटतं.

खरी करामत तिच्या आकारात आहे. पोट रुंद, तळ निमुळता. शरद ऋतूत पायाखाली तुडवलेली द्राक्षं रसासकट आत जातात, आणि काखेतीच्या रीतीने जातात ती साली, बिया आणि देठांसकट. पश्चिमेकडच्या इमेरेतीत चोथा कमी घालतात, देठ तर घालतच नाहीत. त्यामुळे तिथली वाइन हलकी. काखेतीत सगळंच आत. आंबण्याची क्रिया सुरू झाली की साली वर उसळून येतात, त्या दिवसातून अनेकदा काठीने खाली ढकलाव्या लागतात. पुढे उसळी शमते, चोथा तळाशी बसतो, आणि तोंड झाकण लावून मातीने लिंपून टाकतात. बिया सगळ्यात जड, म्हणून त्या निमुळत्या टोकाला जाऊन बसतात आणि वर सालींचा थर पडतो. बियांतला कडवटपणा त्यामुळे बराचसा तिथेच अडकतो. भोवतालची जमीन थंडी-उन्हाळा आत शिरू देत नाही. हिवाळाभर माणसाने करायचं असं फारसं उरत नाही. वसंतात लिंपण फोडलं की स्वच्छ, तांबूस-सोनेरी वाइन वर आलेली असते.

ही पद्धत युनेस्कोने 2013 मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. चारच वर्षांनी, 2017 मध्ये, त्बिलिसीच्या दक्षिणेला गादाच्रिली गोरा आणि शुलावेरी गोरा इथल्या नवाश्मयुगीन वस्त्यांतल्या खापरांवर द्राक्षाच्या वाइनचे रासायनिक अंश सापडल्याचं जाहीर झालं. काळ इ.स.पू. 6000 ते 5800. तेव्हापासून ‘8000 वर्षांची परंपरा’ हे शब्द तिथल्या प्रत्येक बाटलीवर, टोपीवर आणि विमानतळावरच्या फलकावर आहेत. आकडा खरा आहे, पण त्याने घोटाची चव वाढत नाही. ती खापरं साध्या मडक्यांची होती आणि ती मडकी क्वेव्रीसारखी पुरलेली असल्याचं दिसलेलं नाही, हेही कुणी सांगत नाही.

झाकण उघडलं की यजमान लांब दांड्याला लावलेला वाळक्या भोपळ्याचा डाव आत सोडतो आणि वाइन वर काढतो. पेला उजेडात धरून बघावा. जात र्कात्सितेली, म्हणजे पांढरं द्राक्ष, पण रंग कोऱ्या चहाचा. वास वाळवलेल्या जर्दाळूचा, संत्र्याच्या सुकलेल्या सालीचा, किंचित मधाचा. नाक गोडाची आशा लावतं. घोट घेतल्यावर गोड काहीच हाताला लागत नाही. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढली जाते तशी हिरड्यांपर्यंत ओढ बसते. नाशिकच्या बाजूची थंडगार, फळांचा वास असलेली पांढरी वाइन ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, ते इथे हमखास चमकतात. पांढऱ्या द्राक्षाचा रस सालींपासून लगेच वेगळा करायचा हा जगभरचा शिरस्ता. त्यामुळे पांढरी वाइन आंबट असते, कधी गोडसर असते, तुरट नसते. काखेतीने नेमका हा तुरटपणा सांभाळून ठेवला. षड्रसांत तुरट मोजणाऱ्या आपल्यासारख्यांना तो परका वाटायचं कारण नाही, पण पेल्यात तो भेटेल अशी अपेक्षाही नसते.

पहिल्या घोटावर मत बनवू नये. हा घोट एकटा प्यायचा नाहीच. सालींतली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना धरतात, म्हणून तोंड कोरडं पडतं. समोर चरबी आणि प्रथिनं आली की ती तिकडे वळतात. तेवढ्यात निखाऱ्यावरून म्त्स्वादी येतं. डुकराचं किंवा मेंढीचं मांस, मोठे तुकडे, मीठ, बस. धग पुन्हा वेलीच्याच काड्यांची. त्या भरकन पेटतात आणि लवकर निखारा होतात. शिगेवरून मांस कच्च्या कांद्यावर ओढून घेतात, वर कधी डाळिंबाचे दाणे. एक तुकडा, मग एक घोट. आता तीच वाइन मऊ लागते, तोंडातला तेलकटपणा धुऊन नेते आणि पुढच्या तुकड्याला जागा करून देते. मांसात मसाला का नव्हता, याचं उत्तर इथे मिळतं. त्यात जिरं-मिरं खच्चून भरलं असतं तर वाइन आणि मांस दोघंही एकाच वेळी बोलत बसली असती.

चीजचंही तसंच. तुशेतीच्या डोंगरातून येणारं गुदा चीज मेंढीच्या कातड्याच्या पिशवीत मुरवलेलं असतं; खारट, उग्र वासाचं, एकट्याने खाल्लं तर नकोसं होतं. वाइनबरोबर ते शहाणं होतं. काकडी-टोमॅटोच्या कोशिंबिरीवर कच्चं, न गाळलेलं सूर्यफुलाचं तेल असतं; भाजलेल्या बियांचा खमंग वास असलेलं हे तेल काखेतीची खूण आहे, आणि त्याच्या जागी ऑलिव्ह तेल घालणाऱ्या हॉटेलांनी उगाच आधुनिकता मिरवली आहे. शेजारी जोंजोली, एका झुडपाच्या कळ्यांचं खारवलेलं लोणचं. कडसर, आंबट आणि वाइनसारखंच जरा तुरट. चिमूटभर पुरे.

शाकाहारी माणसाने इथे चिंता करू नये. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासांत मांस, दूध, अंडी सगळंच वर्ज्य, आणि असे दिवस वर्षात पुष्कळ. त्यातून भाज्यांचं एक भरघोस घराणं उभं राहिलं. तळलेल्या वांग्याच्या लांब कापांत अक्रोडाचं वाटण भरून केलेली बद्रिजानी घ्या. वाटणात लसूण, व्हिनेगर, आपल्या मेथीच्याच कुळातलं उत्सखो सुनेली आणि चक्क वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्यांची पूड असते. अक्रोडाच्या सालपटातही तुरटपणा असतो, त्यामुळे तो वाइनशी भांडेल असं वाटतं. तसं होत नाही. वांग्याचा मऊपणा आणि अक्रोडाचं तेल मध्ये पडतं. मला विचाराल तर या वाइनशी मांसापेक्षा बद्रिजानीची जोडी सरस जमते, मात्र हे त्या टेबलावर मोठ्याने म्हणायची सोय नाही.

पंगतीला सुप्रा म्हणतात आणि तिचा एक सूत्रधार असतो, तामादा. शांततेसाठी, देशासाठी, गेलेल्यांसाठी, मुलाबाळांसाठी, अशा एकेका विषयावर तो बोलतो आणि मगच पेला उचलला जातो. मधल्या वेळात आपलं आपण घुटके घेत बसणं बरं दिसत नाही. या शिस्तीत चवीचाही फायदा आहे. दोन पेल्यांमध्ये खाणं होतं, म्हणून तुरटपणा साचत नाही. काखेतीची पंगतीतली गाणी खालच्या लांबवलेल्या सुरावर दोन आवाज आळीपाळीने चढवत नेतात. त्यांतलं ‘चाक्रुलो’ 1977 मध्ये व्हॉयेजर यानाच्या सोनेरी तबकडीवर अवकाशात गेलं. सहलीच्या जेवणात चारदोन पेल्यांची छोटी सुप्रा वाट्याला येते. सुरांच्या नावाखाली स्पीकर लावणारेही आहेत. तिथून लवकर उठावं.

जेवणानंतर अलावेर्दीला जायला हरकत नाही. अकराव्या शतकातलं उंच, जवळजवळ अलंकारविरहित कॅथीड्रल, आणि आवारात साधूंची स्वतःची मारानी. इथे मराठी माणसाला, विशेषतः गोव्याच्या, थांबायला एक कारण आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इराणच्या शाह अब्बासने काखेती उद्ध्वस्त केली. ग्रेमी ही राजधानी पडली, माणसं हजारोंनी इराणला हाकलली, बागा ओसाड पडल्या. राणी केतेवानने धर्म सोडायला नकार दिला, म्हणून 1624 मध्ये शिराझला तिला हाल करून मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गुपचूप मिळवले. त्यांतला काही भाग अलावेर्दीत आला, काही जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या मठात. तिथल्या पडक्या मनोऱ्याजवळच्या उत्खननात हाडं मिळाली, हैदराबादच्या प्रयोगशाळेने डीएनएवरून ती तिचीच असावीत असा निर्वाळा 2013 मध्ये दिला, आणि जुलै 2021 मध्ये भारताने ती त्बिलिसीत जॉर्जियाच्या हवाली केली. तिचा मुलगा, राजा तेइमुराझ पहिला, कवी होता. त्याने आईच्या हौतात्म्यावर काव्य लिहिलं आणि वाइन व ओठ यांच्यातला वादही लिहिला. एवढं सोसल्यावरही तो विषय त्याला थिल्लर वाटला नाही.

वेलीवर पुढेही घाव बसलेच. सोव्हिएत काळात 500 हून अधिक देशी जातींपैकी मोजक्याच कारखान्यांच्या कामाच्या ठरल्या, 1985 च्या गोर्बाचेव्हच्या दारूविरोधी मोहिमेत बागा उपटल्या गेल्या, 2006 मध्ये रशियाने आयातच बंद केली. ती बंदी 2013 पर्यंत टिकली आणि उलट पथ्यावर पडली. रशियाला आवडणारी गोडसर वाइन सोडून दुसरी गिऱ्हाइकं शोधावी लागली, आणि त्यांना दाखवायला घरोघरच्या जमिनीत क्वेव्री होतीच.

सिघनाघी या काखेतीतल्या गावात संध्याकाळ घालवणाऱ्यांनी तटबंदीवरचे फोटो आटोपून संग्रहालयात जावं, निको पिरोस्मानीच्या चित्रांसाठी. हा चित्रकार जवळच्या मिर्झानी गावचा. 1862 ते 1918 असं आयुष्य, बराच काळ खानावळींच्या पाट्या रंगवण्यात गेलेलं. काळ्या ऑइलक्लॉथवर तो रंगवायचा आणि जिथे काळं हवं तिथे कापड तसंच उघडं ठेवायचा. त्याच्या मेजवान्यांत माणसं टेबलामागे रांगेत बसून सरळ आपल्याकडे बघतात. कुणाच्या हातात वाइनने भरलेलं शिंग, समोर पांढरंशुभ्र कापड, त्यावर टोकदार पाव, एखादा मासा, सुरई. खाण्याच्या वस्तू थोड्या आणि सुट्या, प्रत्येकीभोवती मोकळी जागा. कुणी खात नाही, कुणी हसत नाही. बोलणं चालू आहे आणि सगळे पेला उचलायची वाट बघताहेत. काखेतीचं ताट कसं मांडावं हे त्याच्याइतकं नेमकं कुठल्याच पाकपुस्तकात सापडत नाही.

परतताना चुर्चखेला घ्यावा. दोऱ्यात ओवलेले अक्रोड, पीठ घालून घट्ट केलेल्या द्राक्षरसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवलेले. वाकवून बघावा, लवचीक हवा, काडकन मोडता कामा नये. भडक लाल-हिरवे टाळावेत, खरा रंग मातकट तपकिरीच असतो. वाइन घेताना बाटलीवर क्वेव्रीचा उल्लेख आहे ना, हे वाचावं. ‘त्सिनांदाली’ नावाची पांढरी वाइन चांगली असते, पण ती युरोपीय पद्धतीची, चोथ्याशिवाय केलेली. तिच्यात ही ओढ मिळणार नाही. विमानतळावर बहुतेक जण गोडसर ‘किंद्झमाराउली’ उचलतात. ती सापेरावी द्राक्षाची असते, आणि हे काळं द्राक्ष गोडाशिवायच जास्त खुलतं. क्वेव्रीची बाटली घरी आणल्यावर फ्रिजमध्ये गोठवू नये, 15 अंशांच्या आसपास पुरे. आणि आधी मूठभर अक्रोड व थोडं खारट चीज समोर घ्यावं, मगच बूच काढावं.