‘नीड फॉर स्पीड : द रन’ची समीक्षा : कथानक आणि खेळाडूचे कर्तेपण

शर्यतीच्या व्हिडिओ गेममधील कथानक हे समीक्षकांच्या लेखी बहुधा सजावटीपुरते असते. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने नोव्हेंबर २०११ मध्ये प्रकाशित केलेल्या, ब्लॅक बॉक्स या स्टुडिओच्या ‘नीड फॉर स्पीड : द रन’ने मात्र समीक्षेला कथानकाची दखल घेणे भाग पाडले, कारण या खेळाची सारी रचनाच एका कथेवर उभी आहे. टोळीच्या कर्जात अडकलेला जॅक रूर्क सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क या बेकायदा शर्यतीत उतरतो. स्पर्धक २००, बक्षीस अडीच कोटी डॉलर, आणि जिंकल्यास त्यातील दहा टक्के जॅकचे.

खेळाचे स्वागत संमिश्र झाले. चित्रणाची भव्यता आणि मार्गाचे वैविध्य यांना दाद मिळाली. आक्षेप मुख्यतः दोन होते. पहिला लांबीचा. फसलेले प्रयत्न वगळता ही कथा सुमारे दोन तासांत संपते, असे अनेकांनी नोंदवले. पूर्ण किंमत मोजणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने ही तक्रार रास्तच. तथापि वाङ्मयीन निकष म्हणून ती तोकडी आहे. लघुकथेचे मूल्य पृष्ठसंख्येवरून कोणी ठरवीत नाही. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी होता. जॅक गाडीबाहेर पडला की खेळाडूच्या हाती पडद्यावर उमटणारे बटण वेळेत दाबणे एवढेच उरते. आरंभीच, गाड्या चिरडणाऱ्या यंत्रातून सुटण्याच्या प्रसंगात, याचा प्रत्यय येतो. चुकल्यास प्रसंग पुन्हा सुरू होतो आणि साधल्यास आधीच ठरलेली चित्रफीत पुढे सरकते. जॅकचा जीव धोक्यात असतो, परंतु खेळाडू काहीच ठरवीत नसतो.

समीक्षकांनी हे दोन आक्षेप वेगवेगळे मांडले. वस्तुतः त्यांचे मूळ एकच असावे. ज्या घटितांचे कर्तेपण खेळाडूकडे नाही, ती त्याच्या अनुभवात जमा होत नाहीत; म्हणून काळ तोकडा वाटतो.

याच स्टुडिओच्या २००५ मधील ‘मोस्ट वाँटेड’शी तुलना केल्यास हे अनुमान बळावते. तेथेही कथा बाळबोधच आहे. रेझर नायकाची गाडी बळकावतो आणि ती परत मिळवण्यासाठी नायक १५ जणांच्या काळ्या यादीतील एकेकाला हरवत जातो. त्यातील नटांच्या अभिनयाची थट्टा झाली, तरी खेळाची वाखाणणी झाली, आणि त्या वाखाणणीच्या केंद्रस्थानी पोलिसांचा पाठलाग होता. पाठलागात कोणती गल्ली धरायची, कोठे दडायचे, अडथळा कसा फोडायचा, हे खेळाडू ठरवतो. लिहिलेली कथा फिकी असली, तरी चाकावर बसून घडवलेली कथा प्रत्येकाची निराळी होती. कथानकाचा दुबळेपणा २००५ मध्ये क्षम्य ठरला आणि २०११ मध्ये अक्षम्य, याचे कारण येथे शोधावे लागते.

मात्र ‘द रन’च्या बाबतीत समीक्षेच्या नजरेतून एक गोष्ट बरीचशी निसटली. या खेळातील सर्वांत प्रामाणिक कथन संवादांत नसून क्रमांकात आहे. प्रत्येक टप्प्यात ठरावीक प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकल्यावाचून पूर्वेकडे सरकता येत नाही. कॅलिफोर्नियाचे डोंगर, वाळवंट, मैदाने असा भूगोल पालटत असताना जॅकचा क्रमांक खाली उतरत जातो, आणि हा उतार खेळाडूने स्वतः मिळवलेला असतो. रॉकी पर्वतातील हिमस्खलनाच्या शर्यतीत तर आखीव नाट्य व चालकाचे कौशल्य एकत्र येतात : कडा कोसळणार हे ठरलेले आहे, पण वाट काढायची ती खेळाडूनेच. बटणांच्या प्रसंगांना जे साधत नाही, ते येथे एकाही संवादावाचून साधते.

पुढील वर्षी क्रायटेरियन या स्टुडिओने ‘मोस्ट वाँटेड’ हेच नाव घेऊन केलेल्या खेळात कथानक जवळजवळ वगळले, आणि त्याचे स्वागत ‘द रन’पेक्षा कितीतरी उत्साहाने झाले. ब्लॅक बॉक्स २०१३ मध्ये बंद पडला. २०१७ च्या ‘पेबॅक’मध्ये कथा परतली, तीन नायकांसह. तेथेही मोक्याच्या क्षणी सूत्रे खेळाडूच्या हातून काढून चित्रफितीकडे दिली गेली. पण समीक्षकांचा बराचसा रोष गाडीची क्षमता वाढवणाऱ्या, नशिबाने हाती लागणाऱ्या ‘स्पीड कार्डां’वर खर्ची पडला.