मेंदूतील क्षार आणि शरीराचा 'थर्मोस्टॅट'

शरीराचे तापमान शिकवताना आपण इस्त्रीतल्या थर्मोस्टॅटची उपमा हमखास देतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये ३७ अंश सेल्सिअसवर जणू काटा लावलेला असतो, असे सांगतो. पण हा काटा बनला आहे कशाचा? याचे एक धीट उत्तर १९७० साली पुढे आले.

फेल्डबर्ग, मायर्स आणि व्हील यांनी भूल न दिलेल्या मांजरांच्या मेंदूतील पोकळ्यांतून क्षारांचे द्रावण वाहू दिले. द्रावणात कॅल्शियम नसले की मांजर कुडकुडू लागे व त्याचे तापमान चढे. कॅल्शियम वाढवले की तापमान उतरे. सोडियम व कॅल्शियम यांच्या आयनांचा समतोल हाच तो काटा, असे मायर्स व व्हील यांनी सुचवले. प्रयोग नेटका आणि कल्पना सुटसुटीत. तरीही ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही.

पहिला आक्षेप असा. भोवतालचे कॅल्शियम घटले की कोणतीही चेतापेशी सहज उत्तेजित होते. मग तापमान चढले ते काटा सरकल्यामुळे, की उष्णता वाढवणाऱ्या पेशी नुसत्याच चाळवल्यामुळे? वाळू टाकली की घड्याळ थांबते. म्हणून वेळ वाळू ठरवते, असे आपण म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा. रक्तातील कॅल्शियम कमीजास्त झाले तरी मेंदूभोवतीच्या द्रवातील त्याचे प्रमाण शरीर जवळजवळ स्थिर राखते. जो सहसा हलत नाही, तो आयन रोजच्या तापाचे कारण कसा ठरेल? तापाचा दुवा १९७० मध्येच मिल्टन व वेंडलँट यांना प्रोस्टाग्लँडिनमध्ये सापडला. अ‍ॅस्पिरिन त्याची निर्मिती रोखते, हे व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि ताप उतरण्याचा उलगडा झाला.

मग आयन निरुपयोगी का? मुळीच नाही. हायपोथॅलॅमसमधील काही पेशींत उष्णतेने उघडणारी प्रथिनांची दारे असतात. त्यांतून कॅल्शियम आत शिरते, पेशी उत्तेजित होतात आणि ताप फार चढू देत नाहीत, असे २०१६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. म्हणजे आयन येथे निरोप्या आहे, मालक नव्हे.

वर्गात थर्मोस्टॅटची उपमा जरूर द्यावी. पण ती उपमाच आहे, हेही सांगावे. 'अमुक दिल्याने बदल झाला' आणि 'शरीरात बदल अमुकमुळेच होतो' यांतला फरक विद्यार्थ्याला कळला, तर तापाच्या या धड्याचे चीज झाले.