पंडितवाद आणि राजवाद : विद्यापीठीय संशोधन विहाराच्या दारी

'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात एक मननीय प्रसंग आहे. राजा मिलिंद स्थविर नागसेनांना पुन्हा संवादाला पाचारण करतो, तेव्हा स्थविर एक अट घालतात. संवाद पंडितांच्या रीतीने होणार असेल तर ते तयार आहेत, राजांच्या रीतीने होणार असेल तर नाहीत. भेद कोणता, हे राजा विचारतो. पंडितांच्या वादात गुंता घातला जातो आणि उकललाही जातो. एकाचे म्हणणे दुसरा खोडतो, चूक पदरात घेतली जाते आणि तरीही कोणी रागावत नाही. राजे मात्र एक विधान करतात आणि त्याला जो विरोध करील त्याला दंड फर्मावतात. राजा पंडितवाद मान्य करतो आणि मगच ग्रंथ पुढे सरकतो.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत जे महाविद्यालय सुरू केले, त्याला पुढे याच राजाचे नाव दिले गेले. मिलिंद हे प्रश्न विचारणाऱ्याचे नाव आहे, उत्तर देणाऱ्याचे नव्हे, याकडे आमच्या विद्वज्जनांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. विद्यापीठातील संशोधन सामान्य उपासक-उपासिकांपर्यंत कसे पोहोचते, याचा विचार करताना आम्हांस हाच निकष लावावासा वाटतो.

हिंगोली जिल्ह्याचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेत आहोत. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा लहानसा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. येथे स्वतःचे विद्यापीठ नाही. परंतु विद्यापीठ या संस्थेसाठी मराठवाड्याच्या या भागातील बौद्ध समाजाने जी किंमत मोजली, ती फार थोड्या समाजांनी मोजली असेल. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव संमत केला, आणि त्यानंतर मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि तेव्हाचा परभणी जिल्हा, म्हणजे आजच्या हिंगोलीची गावेही, त्याच्या कार्यक्षेत्रात गेली. ज्या नावासाठी सोळा वर्षे लढा दिला, त्या नावाचे विद्यापीठ काही महिन्यांतच या गावांपुरते दुसऱ्यांचे झाले. म्हणून विद्यापीठाकडून आम्हांला काय मिळते, हा प्रश्न येथील श्रोता विचारतो तेव्हा त्यात उपकाराची याचना नसते. तो हिशोब मागत असतो.

मिळते ते काय? जयंतीला, धम्मचक्रप्रवर्तनदिनी आणि वर्षावासात तालुक्याच्या गावी प्राध्यापक येतात. परिचय वाचला जातो. त्यात पदव्या, शोधनिबंधांची संख्या आणि परदेशातील परिषदा असतात. पुष्पगुच्छ दिला जातो. नंतरच्या तासाभरात सिद्धांत घोषित होतात : अमुक लेणे अमक्याचे, अमुक सण मूळचा बौद्ध, अमुक दैवत म्हणजे प्रत्यक्ष बुद्धच. टाळ्या पडतात. कशावरून, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. वेळेअभावी प्रश्नोत्तरे वगळली जातात; आभारप्रदर्शन मात्र कधी वगळले जात नाही! श्रोता निष्कर्ष घेऊन घरी जातो, पुरावा वक्त्याच्या पिशवीतच राहतो. दुसऱ्या दिवशी चौकात कोणी त्या निष्कर्षाला आव्हान दिले की, 'सर म्हणाले' यापलीकडे त्याच्याजवळ उत्तर नसते. आमच्या मते हा राजवादच होय. त्यात दंड नाही, एवढाच काय तो फरक.

दुसरा वर्ग याच्या उलट टोकाचा. त्यांची शिस्त निर्दोष असते, परंतु तिचे फळ बंद कपाटात जाते. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते यांचा अहवाल १९७४ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांवर ज्यांची दाने कोरलेली आहेत, त्यांत या नगरीचे रहिवासीही आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मराठवाड्यातला माणूस दूरच्या स्तूपासाठी दान देत होता आणि दगडावर आपल्या गावाचे नाव लिहवीत होता! येथे कोणत्याही लोकदैवताला ओढूनताणून बुद्ध ठरविण्याची गरज नाही. पुरावा अक्षरांत उभा आहे. परंतु वसमतच्या बाजारात हळद विकणाऱ्या उपासकाला ही गोष्ट सांगायला कोणी आलेले नसेल, तर त्या अहवालाच्या इंग्रजी पृष्ठांचा त्याला उपयोग काय?

तीच गोष्ट 'सुत्तनिपाता'तील बावरीची. पारायनवग्गाच्या प्रास्ताविक गाथांत हा वृद्ध ब्राह्मण गोदावरीच्या तीरी, अस्सकांच्या प्रदेशात राहतो आणि आपल्या सोळा शिष्यांना भगवंतांकडे पाठवितो. त्यांचा मार्ग पतिट्ठानावरून, म्हणजे पैठणवरून, उत्तरेकडे जातो. अस्सकांची राजधानी पोतन म्हणजे नांदेडला लागून असलेल्या तेलंगणातील बोधन, असे अनेक अभ्यासक मानतात. हिंगोलीच्या श्रोत्याला हा भूगोल परका नाही. त्याच्यासमोर नकाशा उलगडावा, गाथा वाचावी आणि हेही सांगावे की, या प्रास्ताविक गाथा मूळ प्रश्नोत्तरांच्या मानाने उत्तरकालीन आहेत, असे अनेक विद्वानांचे मत आहे. ही शेवटची गोष्ट सांगायला आमचे वक्ते कचरतात. श्रद्धा डळमळेल, अशी त्यांना भीती वाटते. ही भीती श्रोत्याला कमी लेखणारी आहे.

धर्मानंद कोसंबींना अशी भीती वाटली नाही. हार्वर्डमध्ये 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनावर परिश्रम घेणारा आणि फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविणारा हा पंडित. कलकत्त्यातील अध्यापनाची जागा सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपये स्वीकारले. अट अशी की, मराठी मुलखात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. १९४०-४१ साली आलेला त्यांचा 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ आजही आदर्श म्हणून पुढे ठेवण्यासारखा आहे, तो त्यातील निष्कर्षांमुळे नव्हे, तर रीतीमुळे. वृद्ध, रोगी, प्रेत आणि परिव्राजक पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा ते नाकारतात. नाकारताना ही कथा 'महापदानसुत्ता'त विपस्सी बुद्धाविषयी कशी येते, हे दाखवितात. 'अत्तदण्डसुत्ता'तील गाथा मुळातून समोर ठेवतात, तिचे मराठी भाषांतर देतात आणि मग शाक्य-कोलियांच्या कलहाचे आपले अनुमान मांडतात. वाचकाला प्रत्येक पायरी दिसते. त्याला पटले नाही तर कोठे पटले नाही, हे तो बोट ठेवून सांगू शकतो. मांसाहारावरील प्रकरणामुळे त्यांच्यावर जैन समाजातून टीकेचे मोहोळ उठले, तरी पुरावा त्यांनी लपविला नाही.

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही चार दृश्यांची कथा नाकारलेली आहे आणि रोहिणीच्या पाण्याचा तंटा केंद्रस्थानी आहे. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रकाशित झाला. बाबासाहेबांनी शाक्यसंघाची सभा, तेथील बहुमत आणि सिद्धार्थाचा विरोध यांतून जे राजकीय व नैतिक नाट्य उभे केले, ते कोसंबींच्या अनुमानापेक्षा कितीतरी पुढे जाणारे आहे. अट्ठकथांत मात्र रोहिणीचा तंटा संबोधीनंतर येतो आणि तथागत स्वतः तो मिटवितात. ही तिन्ही मांडणी शेजारी शेजारी ठेवणारे व्याख्यान आमच्या विहारांत क्वचितच होते. बाबासाहेबांचा ग्रंथ वर्षावासात घरोघरी वाचला जातो. त्या वाचकांना ही तुलना झेपणार नाही, असे मानणारा प्राध्यापक त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतील प्रश्नांकडे पाठ फिरवितो. बाबासाहेबांनी तेथे परिव्रज्येचा प्रश्न स्वतःच उपस्थित केला आहे.

भाषेविषयीही थोडे लिहिले पाहिजे. चुल्लवग्गात दोन ब्राह्मणकुलोत्पन्न भिक्खू बुद्धवचन 'छंदसा'त घालण्याची अनुज्ञा मागतात. भगवान त्यांना फटकारतात आणि ते 'सकाय निरुत्तिया' शिकण्यास सांगतात. या शब्दांचा अर्थ प्रत्येकाची स्वतःची बोली, असे आधुनिक अभ्यासक बहुधा घेतात. आचार्य बुद्धघोषांनी तो भगवंतांची मागधी असा घेतला. स्वभाषेचा पुरस्कार करताना आमचे वक्ते पहिला अर्थ सांगतात आणि दुसरा गिळतात. दोन्ही सांगितले तर व्याख्यान बिघडत नाही. उलट श्रोता त्या प्रश्नात ओढला जातो.

प्राध्यापकांची बाजूही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७० च्या दशकातच विस्तारकार्याला अध्यापन आणि संशोधनाच्या बरोबरीने तिसरे कर्तव्य मानले. बहिःशाल व्याख्यानमालाही चालतात. परंतु २०१० च्या नियमावलीने पदोन्नतीसाठी गुणांची मोजणी आणली आणि तिचा भर शोधपत्रिकांतील निबंधांवर राहिला. सेनगावच्या विहारात घालविलेल्या संध्याकाळीला तेथे फारसे मोल नाही. तरीही डॉ. गंगाधर पानतावण्यांसारख्या प्राध्यापकाने विद्यापीठात शिकवीत असताना 'अस्मितादर्श' अनेक दशके चालविले आणि खेड्यापाड्यांतून नव्याने लिहू लागलेल्यांना त्यात जागा दिली, तेव्हा असे गुण कोण मोजीत होते?

आमची सूचना छोटी आहे. हिंगोली जिल्ह्यातील विहार समित्यांनी येत्या वर्षावासात वक्त्याला निमंत्रण देताना दोन गोष्टी कळवाव्यात. ज्या गाथेवर वा शिलालेखावर व्याख्यान आधारलेले असेल, त्याचा मूळ पाठ आणि मराठी अर्थ एका कागदावर आधी पाठवावा. तो छापून श्रोत्यांच्या हाती द्यावा. आणि तासातील अर्धा वेळ प्रश्नांसाठी राखून ठेवावा, परिचय व सत्कार हवे तर कमी करावेत. जे प्राध्यापक ही अट मान्य करणार नाहीत, त्यांच्याऐवजी त्या दिवशी मूळ ग्रंथाचेच वाचन ठेवावे.