दोन वाय आणि एक लिफ्ट

महाराष्ट्र मंडळात मधुमेहावर व्याख्यान असलं की एक स्लाइड हमखास येते. शेजारीशेजारी दोन पुरुष: लंडनचे जॉन युडकिन आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. जानेवारी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला हा ‘वाय-वाय पॅराडॉक्स’. सभागृहात हशा पिकतो, जो तो आपल्या पोटाकडे बघतो, वक्ते म्हणतात, “काय करणार, आपली शरीरंच अशी!” आणि मग मध्यंतर, बटाटेवडे.

मी स्नायूंवर संशोधन करते, त्यामुळे ही स्लाइड मलाही प्रिय आहे. पण चित्राखालचा मजकूर फारच थोड्यांनी वाचलेला दिसतो. आहे जेमतेम एक परिच्छेद. त्यात याज्ञिक स्वतःचीच थट्टा करतात: युडकिन मॅरेथॉन धावतात, आपला मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी दार मिटायच्या आत रुग्णालयाची लिफ्ट गाठणं. पुढे ते आपलं जन्माच्या वेळचं कमी वजनही नोंदवतात. जनुकांचा वाटा किती, हे अजून ठरायचं आहे, असं मूळ मजकूर सांगतो. आपण नेमकी तीच अर्धवट शक्यता उचलली आणि लिफ्ट गाळली.

जन्माच्या वजनाचा मुद्दा हलका नाही. याज्ञिकांच्या गटाने पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतली आणि साउथॅम्प्टनमधली नवजात बाळं मोजली होती. सरासरी वजन इथे २.७ किलो, तिथे ३.५. पुण्याच्या बाळांत स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून. म्हणजे आपल्यातल्या अनेकांची सुरुवातच कमी भांडवलावर होते. वयाबरोबर स्नायू सगळ्यांचेच झिजतात. थोडक्यावर सुरुवात करणाऱ्याला ती झीज लवकर जाणवणार, हे उघड आहे.

माझी खरी तक्रार मात्र मूळ चित्राबद्दलही आहे. त्यात चरबी मोजली आहे, ताकद नाही. डेक्सा स्कॅनमध्ये चरबी आणि हाडं वजा जाता जे उरतं, त्यात पाणी आणि यकृतासारखे अवयवही येतात. तो काही निव्वळ स्नायू नव्हे. शिवाय मॅरेथॉन हा चरबी उतरवायचा उत्तम मार्ग असेल, पण मांड्या मजबूत करायला कोणी तो सुचवणार नाही. चित्र पाहणारा ‘बारीक व्हायला हवं’ एवढंच घेऊन घरी जातो. साठीपुढच्या माणसाला नुसतं कमी खाऊन बारीक व्हायला सांगणं धोक्याचं आहे, कारण चरबीबरोबर स्नायूही जातात.

या चित्राशेजारी दुसरं एक संशोधन ठेवायला हवं. १९९४ मध्ये मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनच्या एका वृद्धनिवासातले १०० जण घेतले, सरासरी वय ८७. काहींना दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, पायांसाठी चांगल्याच जड वजनांचा व्यायाम दिला. काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक वाढली. मांडीच्या स्नायूंचं क्षेत्रफळ मात्र तीन टक्क्यांच्याही आत वाढलं. फोटोत हा फरक कुणाला दिसलाही नसता! नुसत्या पेयाने अशक्तपणा कमी झाला नाही. एकूण आहार वाढला तो पेयाबरोबर व्यायामही करणाऱ्यांचाच. प्रोटीन पावडरचे डबे भारतात नेणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

अर्थात आहार बिनमहत्त्वाचा नाही. वयस्कर माणसाला दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, असं आता बरेच तज्ज्ञ मानतात. साठ किलोंच्या आजीला साठ-सत्तर ग्रॅम. सकाळी चहा-खारी, दुपारी भात-पातळ वरण, रात्री मऊ खिचडी, यात ते बसत नाही. आणि ‘वय झालं, हलकं खा’ म्हणणारे आपणच असतो.

माझी आई गेल्या वर्षी सहा महिने इथे होती. मी तिला काही उचलू दिलं नाही. किराण्याच्या पिशव्या, कपड्यांची बास्केट, सगळं “आई, राहू दे गं.” पुण्यात ती रोज दोन जिने चढायची, इथे घर एकमजली, दारात गाडी. परत जायच्या सुमारास सोफ्यावरून उठताना तिचा हात आधार शोधू लागला. हे माझ्या लक्षात आलं ते तिसऱ्या-चौथ्या वेळी. मी दिवसभर हेच शिकते, आणि घरी आईची लिफ्ट झाले होते.

आता व्हिडिओ कॉलवर ती खुर्चीतून हात न लावता दहादा उठते, छातीशी दोन किलो तांदळाची पिशवी धरून. परवा म्हणाली, “अगं, पिशवी हलकी वाटते. तीन किलोची घेऊ का?”