तबकडी आणि कान

जुन्या तबकड्या जमवणाऱ्या रसिकांच्या बैठकीत नवी खरेदी पिशवीतून निघते. लेबलाचा रंग, क्रमांक, किंमत यांवर खल होतो. गाण्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही! माझा आक्षेप आहे तो एवढाच. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात राग उभा करायचा, तर काय गाळावे हे गायकाला कळावे लागे. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी ऐकावी. तीत एक स्वर वाया गेलेला नाही. १९७७ साली ती ‘व्हॉयेजर’ यानांतून अंतराळात गेली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तीतला कोमल ऋषभ कितीजणांनी कान देऊन ऐकला? यंदा दिवाळीला एक तबकडी कमी घ्यावी आणि घरातलीच एक तीनदा ऐकावी.