हळदीघाटीनंतरची हळद

अमेरिकेच्या ५,४०१,५०४ क्रमांकाच्या पेटंटाइतके दुसरे कोणते पेटंट मराठी वाचकाच्या परिचयाचे असेल असे वाटत नाही. हळदीने जखम बरी करण्याचे हे पेटंट आणि ते रद्द करून घेणारी ‘हळदीघाटीची लढाई’ आपण पाठ्यपुस्तकांपासून व्याख्यानमालांपर्यंत इतक्या वेळा ऐकली आहे, की तिचे आता कीर्तनातले आख्यान झाले आहे. परकीय विद्यापीठ, आजीचा बटवा आणि त्यासाठी झगडणारे डॉ. रघुनाथ माशेलकर, अशी त्यातली पात्रे ठरलेली आहेत. त्या लढाईचे मोल मी कमी लेखत नाही. पण ज्या दस्तऐवजावरून हे सारे घडले, तो समोर ठेवून लिहिलेला मराठी लेख माझ्या वाचनात आलेला नाही. पेटंटाची भाषा मी दौंडला घरी बसून, शब्दकोश घेऊन शिकलो. एखाद्या कवितेचे करतो तसे या पेटंटाचे ओळीओळीने वाचन केले, तर आख्यानात न बसणाऱ्या बऱ्याच गोष्टी हाती लागतात.

अर्जाची तारीख २८ डिसेंबर १९९३, मंजुरीची २८ मार्च १९९५. हक्क मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राकडे, आणि संशोधकांची नावे सुमन दास व हरिहर कोहली. म्हणजे आख्यानातला ‘गोरा चोर’ पहिल्याच पानावर गायब होतो. दावे एकूण सहा. हळदीची पूड परिणामकारक मात्रेत देऊन जखम भरून आणण्याची पद्धत हा पहिला. पुढचे दावे त्याचीच पोटकलमे आहेत: पोटातून दिलेली, वरून लावलेली, दोन्ही प्रकारे दिलेली; शस्त्रक्रियेची जखम, अंगावरचा व्रण. भारतात मुरगळण्यावर आणि सुजेवर हळद पूर्वापार वापरली जाते, हे तर संहितेतच मोकळेपणाने कबूल केले आहे. म्हणजे सूज जुनी, जखम मात्र नवी! सगळा दावा या एवढ्याशा फटीत उभा होता. आपल्या घरात मुका मार आणि कापलेले बोट यांना एकाच डब्यातली हळद लागते, पण ती फट कायद्याला दिसत होती.

कारण तेव्हाचा अमेरिकी कायदा. परदेशात एखादी गोष्ट लोक वापरतात एवढ्याने तिचे नावीन्य जात नसे. ती कुठेतरी छापलेली असावी लागे. ही तरतूद २०१३ पर्यंत टिकली. म्हणून वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २८ ऑक्टोबर १९९६ रोजी फेरतपासणी मागितली, तेव्हा सोबत ३२ लेखी संदर्भ जोडले. त्यांत जुने ग्रंथ होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही. मग जिंकली ती आजी नव्हे, जिंकले छापलेले पान. मराठी वाचकाला याचा अभिमान वाटायला हरकत नाही. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी वनस्पतींचे गुण मराठीत छापून ठेवले, डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘ओषधिसंग्रह’ १९२७ साली आला. असल्या कामाची किंमत त्या निकालाने अप्रत्यक्षपणे कबूल केली. पण व्याख्यानात टाळ्या घेते ती आजीच.

खरा मुद्दा यापुढचा आहे. संशोधकांनी आपल्या बचावात सांगितले, की जुन्या संदर्भांत हळदीचा लेप आहे, आमची पूड आहे. दोन्हींचे शरीरात शोषले जाणे वेगळे. शिवाय जिथे पोटातून देण्याचा उल्लेख आहे तिथे हळदीबरोबर मध आहे, आणि मध स्वतःच जखम भरून आणतो. कार्यालयाने हे मानले नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये सगळे दावे फेटाळले गेले आणि २१ एप्रिल १९९८ रोजी तसे प्रमाणपत्र निघाले. आपल्याकडे ‘लेप की पूड’ हा भाग आलाच तर हशा पिकवायला येतो. माझ्या मते साऱ्या प्रकरणातला एकमेव वैद्यकीय प्रश्न तोच होता. लेप की पूड, किती मात्रा, कशात कालवून, अंगी किती लागते, गुण हळदीचा की मधाचा? औषध तयार करणे म्हणजे दुसरे काय असते? पेटंट वाचवण्यासाठी तो प्रश्न उभा केला गेला हे खरे, पण म्हणून तो निकालात निघत नाही.

आणि कार्यालयाला तो सोडवायचाही नव्हता. ही कल्पना नवी आहे काय, एवढेच त्याच्यापुढे होते, आणि उत्तर ‘नाही’ आले. आपण त्याचे भाषांतर केले ‘हळदीने जखम बरी होते हे अमेरिकेने मान्य केले’ असे. ‘जुने आहे’ आणि ‘गुणकारी आहे’ ही दोन निरनिराळी विधाने आहेत. हळदीवरच्या मराठी लेखनाचा मोठा भाग या दोहोंच्या सरमिसळीवर उभा आहे, आणि हा त्याचा भाषिक दोष नव्हे, वैचारिक दोष आहे.

दुसऱ्या विधानासाठी झटलेली माणसे आख्यानात येतच नाहीत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत श्रीमल आणि धवन यांनी १९७३ मध्ये कर्क्युमिनचा सूज उतरवण्याचा गुण प्राण्यांवर तपासला. १९८० मध्ये देवधर आणि सहकाऱ्यांनी ते संधिवाताच्या रुग्णांना देऊन पाहिले. १९८६ मध्ये सातोसकर, शहा आणि शेणॉय यांनी अंतर्गळ व अंडवृद्धीच्या शस्त्रक्रियांनंतरच्या सुजेवर तीन गट करून तुलना केली: एकाला कर्क्युमिन, दुसऱ्याला फिनाइलब्युटाझोन, तिसऱ्याला औषध नसलेली गोळी. मिसिसिपीच्या अर्जाच्या सात वर्षे आधीची ही गोष्ट. प्रयोग लहान, पण तुलना न्याय्य. या तिघांवर व्याख्यान झाल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

पुढची वाट सरळ नाही. २०१४ मध्ये थायलंडमधील ३६७ गुडघेदुखीच्या रुग्णांच्या चाचणीत चार आठवडे दिलेला हळदीचा अर्क आयबुप्रोफेनपेक्षा कमी ठरला नाही. उलट २०१७ मध्ये मिनेसोटाच्या कॅथरीन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की कर्क्युमिन अस्थिर आहे, अंगी फारसे लागत नाही आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना चकवून खोटा होकार देते. शंभरावर मानवी चाचण्या होऊनही निर्विवाद यश नाही, असा त्यांचा निष्कर्ष. वाळुंजाच्या कुळातल्या झाडाच्या सालीपासून १८९७ च्या ॲस्पिरिनपर्यंत पोचायला जी रसायनशास्त्राची वाट तुडवावी लागली, ती हळदीच्या बाबतीत अजून अर्धीही झालेली नाही. २००१ पासून आपण पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल कोश उभा केला, पण तो पेटंट अडवण्यासाठी. कुंपण पक्के झाले. आत काय पेरले?

हे दौंडमधून विचारण्याला कारण आहे. इथून जवळच कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत, आणि थोडे पलीकडे जेजुरीला भंडारा उधळला जातो. दोन्हींच्या मधल्या गावांत मधुमेह झालेला माणूस टाचेच्या जखमेवर डब्यातली हळद दाबतो. त्या पायाची संवेदना गेलेली असते, म्हणून जखम दुखत नाही. दुखत नाही म्हणून ती भरते आहे असे वाटते. डब्यातल्या पुडीत कर्क्युमिन फार तर तीन ते पाच टक्के. ती निर्जंतुक नसते, आणि रंग खुलवायला शिशाचे क्रोमेट मिसळलेली हळदही बाजारात सापडते. अशा माणसाला अमेरिकेतल्या विजयाची गोष्ट सांगणे बरे नव्हे.

करण्याजोगे काम अवाढव्य नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे माल कुठला हे ठरवता येते. पुण्यात आणि नगरला आयुर्वेद महाविद्यालये आहेत. कर्क्युमिनचे प्रमाण ठरवलेला, निर्जंतुक केलेला एक लेप. एक नेहमीची मलमपट्टी. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून केलेले दोन गट. आणि दर आठवड्याला जखमेवर पारदर्शक कागद ठेवून तिची कड पेनाने गिरवायची, मग आलेखाच्या कागदावर चौकोन मोजायचे.