चापेकरांचे आत्मवृत्त आणि लॉर्ड सँडहर्स्ट

चिंचवडचे दामोदर हरी चापेकर यांनी येरवड्याच्या तुरुंगात मराठीत लिहिलेल्या आत्मवृत्ताचा इंग्रजी अनुवाद मुंबई सरकारने १९५८ साली स्वातंत्र्यचळवळीच्या साधनग्रंथात प्रसिद्ध केला. त्याकडे आपण बहुधा घटनांचा दाखला म्हणून पाहतो. परंतु त्यातून राज्यसत्तेचे जे चित्र उभे राहते, त्याचा विचार अधिक उद्बोधक ठरेल असे वाटते.

त्या वेळी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट (१८९५–१९००) हे होते. फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारच्या हाती असाधारण अधिकार आले. पुण्याच्या प्लेग समितीवर रँडची नेमणूक झाली आणि गोरे सोजीर घराघरांत शिरले. हुकूम वरून निघाला, पण उंबरठा ओलांडला तो रँडच्या माणसांनी. चापेकरांचा संताप मूलतः धार्मिक आहे. घराच्या व देवघराच्या विटाळाची जाणीव त्याच्या मुळाशी आहे. म्हणून त्यांचा शत्रू हा दिसणारा, नाव असलेला माणूस असतो. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचे यजमान सँडहर्स्ट गणेशखिंडीच्या राजभवनात होते. गोळी झाडली गेली ती मेजवानीहून परतणाऱ्या रँडवर, बाहेरच्या रस्त्यावर. (आज त्याच राजभवनाची वास्तू पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते.)

ही त्या आत्मवृत्ताची मर्यादा होय, आणि त्याचा प्रामाणिकपणाही. जबाबदारीची साखळी शोधणे हे राजकीय लेखकाचे काम. दामोदरपंत तसे लेखक नव्हेत.

गव्हर्नर खरा दृग्गोचर होतो तो या हत्येनंतर. १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली नातू बंधूंना चौकशीवाचून स्थानबद्ध करण्यात आले, टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, आणि सैनिकांवरील आरोपांबद्दल गोखल्यांना क्षमायाचना करावी लागली. ज्यांना आपण उदारमतवादी म्हणून गौरवितो, त्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीतलेच ते रेग्युलेशन होते!

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. हे लेखन पहाऱ्यात झालेले आहे, आणि अनुवादाच्या इंग्रजीत कीर्तनकाराच्या मुलाची मराठी कितपत उरली असेल, याचा निर्णय मूळ पाठ समोर ठेवूनच करावा लागेल.